निसटत्या विद्युतभाराची सहा दशकं

१९६६ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक काटकसर सुचवली. माहितीचा एक बिट साठवायला सहा ट्रान्झिस्टर कशाला? एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आपल्या संगणकातली आणि फोनमधली रॅम आजही याच कल्पनेवर चालते.

या काटकसरीची किंमतही पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. कपॅसिटरमधला भार गळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. १९७० मध्ये आलेल्या इंटेलच्या ११०३ या १,०२४ बिटांच्या चिपमध्ये ही भरणी दर दोन मिलिसेकंदांनी करावी लागे. त्याआधीच्या फेराइट कड्यांच्या मेमरीत वीज गेली तरी माहिती शाबूत राहायची. तरीही स्वस्ताईच्या जोरावर चिपनं कड्यांची सद्दी संपवली.

पुढे ही मुदत बराच काळ ६४ मिलिसेकंदांवर स्थिर राहिली. चिपच्या ज्या भागात भरणी चालू असते, तिथे वाचन थांबतं. वाचतानाही भार निघून जातो आणि तो परत भरावा लागतो. तिथे घाई केली तर भरणी अर्धवट राहते. सगळ्यांत दुबळा कपॅसिटर, तोही तापलेल्या चिपमध्ये, दगा देणार नाही एवढा वेळ प्रत्येक वाचनासाठी राखून ठेवावा लागतो. म्हणूनच माहिती वाहून नेण्याचा वेग कित्येक पटींनी वाढला, पण मागितलेली माहिती यायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ त्या मानानं फारच थोडा घटला.

१९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी एक गूढ उकललं. चिपमध्ये काहीही बिघाड नसताना बिट उलटत होते. दोष निघाला चिनीमातीच्या वेष्टनाचा. त्यातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशमात्र अणूंमधून अल्फा कण सुटत होते, आणि कपॅसिटर आता इतके लहान झाले होते की एक कण पुरेसा ठरत होता. वेष्टनं शुद्ध करता आली. अवकाशातून येणारे वैश्विक किरण कोण अडवणार?

यावरचा उतारा बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच लिहून ठेवला होता. त्याच मार्गानं पुढे ६४ बिटांबरोबर ८ जादा बिट ठेवून एक चूक दुरुस्त करणं आणि दोन चुका ओळखणं साधलं. सर्व्हरमध्ये ही सोय रुळली. घरगुती संगणकांत मात्र उलट घडलं. १९८१ च्या आयबीएम पीसीत प्रत्येक आठ बिटांमागे तपासणीचा नववा बिट होता. नव्वदच्या दशकात खर्च वाचवण्यासाठी तोही गेला.

हिशेब पुढे चुकता करावा लागलाच. २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: वर्षभरात सुमारे ८ टक्के मेमरी-पट्ट्यांत किमान एक चूक आढळली होती. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन आणि इंटेलच्या संशोधकांनी त्याहून गंभीर गोष्ट दाखवली. कपॅसिटरांची एकच ओळ वेगानं पुन्हा पुन्हा उघडली, तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० पट्ट्या याला बळी पडल्या. पुढच्याच वर्षी या दोषातून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येतो हे सिद्ध झालं. भरणी अधिक वेळा करणं हा एक उपाय. पण त्यात वेग आणि वीज दोन्ही खर्ची पडतात.

रॅमच्या २०२० च्या डीडीआर५ मानकात दुरुस्तीची यंत्रणा चिपच्या पोटातच आली. त्यामागे उदारता नव्हती. इतके बारीक कपॅसिटर तिच्याशिवाय भरवशाचे राहणं कठीण झालं होतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतची वाट मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिली.

या साठ वर्षांत वेग आणि क्षमता जाहिरातीत झळकली, कारण ती आकड्यांत दाखवता येतात. न दिसणारी चूक गिऱ्हाइकाला कळतच नाही. फाईल बिघडते आणि तो स्वतःला बोल लावतो. विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा दुकानाची खातेवही बँकेच्या नोंदींपेक्षा कमी मोलाची नसते. तपासणीचे ते आठ जादा बिट प्रत्येकाच्या संगणकात असायला हवेत.