मयताची नोंद शोधताना

मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते. कुटुंबाचा इतिहास शोधणारे बहुतेक जण इथेच पहिली चूक करतात. बारवी धरणाचे पाणी शुद्ध करणाऱ्या एमआयडीसीच्या केंद्रामुळे ठाऊक असलेल्या जांभूळ गावचे उदाहरण घेता येईल. एखाद्या घरातले आजोबा जन्मभर जांभूळमध्ये राहिले, पण शेवटचे दोन दिवस उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात होते. अशा वेळी त्यांची नोंद जांभूळच्या ग्रामपंचायतीत कितीही शोधली तरी सापडायची नाही. ती उल्हासनगर महापालिकेच्या दप्तरात असते. मुंबईत परळच्या केईएममध्ये मृत्यू झाला असेल तर महापालिकेचा एफ दक्षिण विभाग गाठावा लागतो आणि भायखळ्याच्या जे. जे.मध्ये झाला असेल तर ई विभाग. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिला प्रश्न ‘केव्हा वारले’ यापेक्षा ‘कुठे वारले’ हा विचारावा.

आजची पद्धत 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यावर उभी आहे. मृत्यू 21 दिवसांत कळवायचा, महिन्याच्या आत विलंब शुल्क भरून, वर्षाच्या आत लेखी परवानगी घेऊन. वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले. खेड्यात नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागात. दाखल्यासाठी नाव, तारीख आणि मृत्यूचे ठिकाण एवढे पक्के असले की काम सोपे होते. वर्ष नक्की नसेल तर नोंदवही चाळण्याचा शोध मागता येतो, त्याचे शुल्क वर्षांच्या हिशेबाने पडते. शोधूनही नोंद मिळाली नाही तर नमुना 10 मध्ये अनुपलब्धतेचा दाखला मिळतो. हा कागद निरुपयोगी समजून टाकून देऊ नये; उशिराची नोंद करून घेताना तोच पहिला मागितला जातो.

वंशशोध करणाऱ्याला एका गोष्टीने चुटपुट लागते. कायद्याच्या कलम 17 नुसार कोणालाही दिलेल्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. पणजोबा कशाने गेले हे वहीत लिहिलेले असले तरी दाखल्यावर उतरत नाही. अलीकडच्या मृत्यूंबाबत मात्र 2023च्या दुरुस्तीने वैद्यकीय कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही देण्याची तरतूद केली आहे.

1969च्या मागे गेले की वाट बदलते. ब्रिटिश अमलात गावोगावच्या जन्ममृत्यूंची टिपणे महसुली दप्तरात होत. या वहीला आजही लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. सरकारी भाषेत ती गाव नमुना 14. मयताचे नाव, वय, जात, कारण असे रकाने तिच्यात भेटतात. वय बहुधा अदमासाने, 40, 50, 60 असे गोळाबेरीज. कारणांची यादीही मोजकी: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात, इतर. ‘ताप’ या एका शब्दात हिवतापापासून क्षयापर्यंत काहीही मावे, म्हणून त्यावर वैद्यकीय निष्कर्ष काढणे धोक्याचे. बायकांच्या नोंदी सर्वांत तुटक. कित्येक ठिकाणी स्वतःच्या नावाऐवजी ‘अमक्याची बायको’ आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत नावाची जागा कोरीच.

या वह्या बहुतांशी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ठेवलेल्या असतात, आणि कोणते तहसील हा प्रश्न जांभूळसारख्या गावासाठी साधा नाही. गाव आज अंबरनाथ तालुक्यात आहे, त्याआधी हा भाग उल्हासनगर तालुक्यात होता आणि त्याही आधी कल्याण तालुक्यात. तालुका फुटला तरी जुने दप्तर सगळेच्या सगळे नव्या कचेरीत गेले असेल असे गृहीत धरता येत नाही. नोंदीच्या वेळी गाव ज्या तालुक्यात होते, त्या तालुक्याच्या कचेरीतही विचारावे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई, डहाणू, जव्हारकडच्या कुटुंबांपुढेही हाच पेच आला: नोंद ‘जि. ठाणे’ म्हणून झालेली, गाव मात्र आता पालघरमध्ये.

या धुळीत पडलेल्या वह्यांना अलीकडे एकदम भाव आला तो जातीच्या रकान्यामुळे. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. पणजोबांच्या मृत्यूची जुनी नोंद तिथे कामी येते. सप्टेंबर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात राज्यभर कचेऱ्यांची दप्तरे उघडली गेली. अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदींच्या प्रती आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या. हेतू मराठा आरक्षणाचा होता, फायदा वंशावळ शोधणाऱ्यांचाही झाला. अडचण एकच, बऱ्याच नोंदी मोडी लिपीत आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. ज्यांना दहा-वीस पानेच वाचायची आहेत त्यांनी मात्र जाणकार वाचक गाठणे बरे.

वहीच हाती लागली नाही तर जमीन बोलते. खातेदार मेला की वारसाची नोंद गाव नमुना 6-क मध्ये होते आणि फेरफार पडतो. ‘खातेदार मयत, वारस अमुक तमुक’ अशा त्या चार ओळींत मृत्यूची तारीखही असते, मुले, लेकी, विधवा पत्नी अशी सारी मंडळीही. मृत्यूच्या नोंदीत न सापडणारी स्त्री इथे वारस म्हणून नावानिशी भेटते, ही फेरफारांची मोठी जमेची बाजू. मात्र फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. कैक घरांत नोंद दहा-पंधरा वर्षे उशिरा घातलेली असते, कधी कर्ज काढायची वेळ आली म्हणून, कधी जमिनीला गिऱ्हाईक आले म्हणून. भूमिहीन कुटुंबांना, कातकरी-ठाकूर वस्त्यांतल्या माणसांना, ही वाट बहुतेक बंदच. त्यांच्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर आणि मतदार याद्या उरतात. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत किंवा रेल्वेत नोकरी झाली असेल तर निवृत्तिवेतनाचे कागद पाहावेत. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होताना मृत्यूचा दाखला जोडलेला असतोच.

घरात एक पुरावा बहुधा जपलेला असतो, पण तो कागदावर नसतो. वर्ष विसरले तरी श्राद्धाची तिथी विसरत नाहीत. ‘कार्तिक वद्य चतुर्थी’ एवढे आजीला ठाऊक असेल आणि फेरफारावरून वर्षाचा अदमास आला असेल, तर त्या वर्षाच्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढता येते. शकाच्या आकड्यात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवायचे, त्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत 79. शके 1840 चा आश्विन-कार्तिक म्हणजे 1918 ची अखेर, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीचे दिवस. एकाच घरात त्या दोन महिन्यांत दोन-तीन तिथ्या पडत असतील तर नोंदवहीत ‘ताप’ का लिहिले आहे ते उमगते. पितृपक्षातल्या तिथीवर मात्र विसंबू नये. तिथे पक्षातली तिथी तेवढी कळते, महिना कळत नाही.

तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या हा आणखी एक साठा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथे अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलेल्या माणसाने आपल्या मागच्या पिढ्यांची नावे तिथे लिहिलेली असतात. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये वही काढतात. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांचा तर हाच मुख्य आधार. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या आणि 1949 मध्ये उल्हासनगर नाव मिळालेल्या वसाहतीतल्या लोकांचे सिंधमधले सरकारी दप्तर सीमेपलीकडे राहिले, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या अलीकडे आहेत. त्यांतल्या अनेकींचे सूक्ष्मपटही अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने काढलेले आहेत. ख्रिस्ती कुटुंबांना वसई पट्ट्यातल्या चर्चच्या दफन नोंदवह्या उपयोगी पडतात.

नोंद सापडल्यावर तिची साधी झेरॉक्स न घेता साक्षांकित नक्कल घ्यावी आणि कोणत्या कचेरीतली, कोणत्या सालची, कितव्या पानावरची हे तिच्यावरच टिपून ठेवावे. घरातली दुसरी शाखा दहा वर्षांनी तीच नोंद शोधायला निघते, तेव्हा तिला पहिल्यापासून दप्तरे उपसावी लागत नाहीत.