मोजणीतून उभा राहिलेला उद्योग

सध्या जिकडेतिकडे 'डेटा' हा शब्द कानी पडतो. माहिती गोळा करून तिचे विश्लेषण विकणाऱ्या कंपन्या निघत आहेत आणि आमच्या विद्यार्थ्यांनाही या व्यवसायाचे आकर्षण वाटते. तो जन्मास कसा आला, हे आपण थोडक्यात समजून घेऊ.

हर्मन हॉलरिथ यांचा जन्म १८६० साली अमेरिकेतील बफेलो येथे, जर्मनीतून आलेल्या कुटुंबात झाला. शिक्षण संपताच ते १८८० च्या जनगणनेच्या कामावर लागले. त्या गणनेचे आकडे हाताने जुळवता जुळवता सात वर्षांहून अधिक काळ गेला. लोकसंख्या तर वाढतच होती. पुढची गणना आली तरी मागची संपणार नाही, अशी वेळ येऊन ठेपली. ही अडचण हॉलरिथ यांनी कामावर असतानाच पाहिली होती.

त्यांनी दर माणसामागे एक कार्ड घेतले. वय, व्यवसाय, जन्मस्थान यांसाठी कार्डावर ठरलेल्या जागी छिद्र पाडायचे. कार्ड यंत्रात दाबले की छिद्रातून सुई खालच्या पाऱ्यात टेकायची, विजेचा प्रवाह सुरू व्हायचा आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकायचा. १८९० च्या गणनेपूर्वी सरकारने तीन पद्धतींची परीक्षा घेतली. भरलेल्या माहितीचे तक्ते करण्यास हॉलरिथ यांना ५.५ तास लागले. इतर दोघांना ४४.५ आणि ५५.५ तास लागले. काम त्यांनाच मिळाले.

परंतु जनगणना दहा वर्षांतून एकदाच होते. मधल्या काळात कंपनी जगणार कशी? हॉलरिथ रेल्वेकडे वळले आणि मालवाहतुकीचे हिशेब आपल्या यंत्रांवर करून देऊ लागले. १८९६ साली त्यांनी कंपनी स्थापन केली. यंत्रे भाड्याने द्यायची आणि कार्डे विकायची, अशी त्यांची रीत होती. पुढे भाड्यावरून सरकारशी वाद झाला आणि १९१० च्या गणनेसाठी जनगणना खात्याने स्वतःची यंत्रे बनवली. तोवर इतर ग्राहक जोडलेले होते, म्हणून कंपनी तगली. १९११ साली ती इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ साली त्या एकत्रित कंपनीचे नाव आयबीएम झाले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली प्रशियाच्या जनगणनेची कार्डे हॉलरिथ पद्धतीच्याच यंत्रांतून गेली. १९३९ च्या गणनेत तर आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते, हेही विचारले गेले. असे प्रश्न यंत्र काढीत नाही, माणसे काढतात. तसेच ज्या गोष्टीसाठी कार्डावर छिद्रच ठेवलेले नाही, ती यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. आज कार्ड गेले, संगणक आला. ही गोष्ट मात्र बदललेली नाही.

म्हणून या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे आहे. आधी एखादे काम स्वतः करून त्यातली अडचण ओळखा. एकाच ग्राहकावर विसंबू नका. आणि प्रत्येक आकड्यापुढे दोन प्रश्न ठेवा : हा कोणाच्या कामी येणार आहे, आणि यात कोण मोजायचा राहिला आहे?