मौनातून निघालेले गाणे

अमेरिकेतील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत सप्टेंबर १९८८ मध्ये बॉबी मॅकफेरिन यांचे 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे गीत अग्रस्थानी गेले आणि दोन आठवडे तेथे टिकले. केवळ मानवी कंठावर उभे असलेले गीत त्या स्थानी पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. त्यात एकही वाद्य नाही. शीळ, खर्जातील स्वर, ताल, सारे मॅकफेरिन यांनी स्वतःच्या देहातून काढले आणि ध्वनिमुद्रणात एकावर एक चढविले. टाळ-मृदंगावाचून भजन रंगत नाही असे मानणाऱ्या गोमंतकीय कानांनाही याचे नवल वाटावे. १९८९ मध्ये त्याला 'ग्रॅमी'चे दोन मोठे सन्मान मिळाले: वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचा आणि सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा.

या गीताचे मूळ मात्र आमच्या शेजारी, महाराष्ट्रात आहे. चिंता सोडा, आनंदी राहा, हे बोल मेहेरबाबांचे. १८९४ मध्ये पुण्यात इराणी झरतुष्ट्री कुटुंबात जन्मलेल्या, साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात राहिलेल्या आणि तेव्हाच्या अहमदनगरजवळ अरणगावी मेहेराबाद वसविणाऱ्या या सत्पुरुषाने १० जुलै १९२५ रोजी मौन धरले. ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सुटले नाही. आरंभी अक्षरफलकावर बोट फिरवून, पुढे तोही टाकून नुसत्या खुणांनी ते आशय सांगत. त्यांच्या छायाचित्रासह हे शब्द छापलेले एक भित्तिचित्र मॅकफेरिन यांच्या दृष्टीस पडले. साडेत्रेचाळीस वर्षे मुखाने न बोललेल्या पुरुषाचे वचन असे जगाच्या ओठी बसले!

त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश यांच्या प्रचारात हे गीत वाजू लागले. मॅकफेरिन यांनी त्यास हरकत घेतली. 'पब्लिक एनिमी' या कृष्णवर्णीय गायकवृंदाने तर १९८९ च्या आपल्या 'फाइट द पॉवर' या गीतात त्याची निर्भर्त्सनाच केली. घरभाडे थकलेल्या माणसाला हसण्याचा सल्ला ज्याच्या पोटाला चिमटा आहे त्याला झोंबणारच, आणि हा आक्षेप आम्हांस निराधार वाटत नाही. परंतु मेहेरबाबांच्या उपदेशात आधी आपले कर्तव्य सर्व शक्तीनिशी करा, अशी अट होती. चिंता सोडणे त्यानंतरचे. तबकडीत ती अट गळाली, आश्वासन तेवढे उरले. खपासाठी तेवढेच पुरेसे होते. आपले गाणे मतांसाठी वापरू न देणाऱ्या गायकाला मात्र ती गळालेली अट उमगली असावी, असे आम्हांस वाटते.