मान वाकडी झालेली कोंबडी आणि वाडीतली लस

खालापूरजवळच्या आमच्या शेजारच्या काकूंची गावठी कोंबडी काल मान पिळून बसली. हिरवट-पांढरी विष्ठा, चोच उघडी ठेवून श्वास, एक पंख लोंबता. ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं. पण खात्री पशुवैद्यकच देतील.

हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. त्या विषाणूला मारणारं औषध नाही, त्यामुळे मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून अंदाजाने पाजू नका.

आधी तिला खुराड्यातून वेगळं करा. कोरड्या पेंढ्यावर, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल फार घातक. पाणी घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल. ओआरएसचं पाणी चालतं. जमलं तर मऊ भात. वाचलेल्या कोंबडीची मान कित्येक आठवडे वाकडी राहू शकते, तेव्हा तिला हातानेच भरवावं लागतं. माझ्या मते ती मेहनत करण्यासारखी आहे.

बाकीच्या कोंबड्यांकडे आधी जा, मग आजारी कोंबडीकडे. हात आणि चपला धुवा. मेली तर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, ओढ्यात टाकू नका. एकदम अनेक मेल्या तर बर्ड फ्लूचीही शक्यता असते: उघड्या हाताने शिवू नका, विकू नका, जनावरांच्या दवाखान्याला लगेच कळवा.

खरा उपाय लस. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, दोनेक महिन्यांनी आर-टू-बी. कुपीत शंभर किंवा जास्त डोस असतात आणि विरघळवल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या घरांनी एकत्र येऊन लसीकरण करावं. कर्जत-खालापूरच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा, किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या कोंबडीला काय होतंय? लक्षणं लिहा, माहीत असेल ते सांगतो.