विश्लेषण : गाडीला मोठी अलॉय व्हील बसवताय? टायरचा आकार कसा ठरवाल?

चाक एक-दोन इंचांनी मोठे झाले की साधी हॅचबॅकही स्पोर्ट्स कारसारखी दिसू लागते. यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा, कुठेही जा, ‘एमएच-२९’ची अशी सजवलेली गाडी दिसतेच. दुकानात बहुतेकांचे लक्ष व्हीलच्या डिझाइनकडे असते. टायर मात्र ‘जो बसेल तो’ या हिशेबाने घेतला जातो. ब्रेक, वळण, खड्डा आणि वेगदर्शक काटा या सगळ्यांचा संबंध त्या टायरशी आहे. त्यामुळे पैसे देण्याआधी थोडे गणित करून घेतलेले बरे.

टायरवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ हे उदाहरण घेऊ. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची, अर्थात टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचांमधील व्यास. ८८ हा भार निर्देशांक आहे. त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो वजन पेलू शकतो. ‘एच’ ही वेगश्रेणी ताशी २१० किलोमीटरपर्यंतची. ‘टी’ची मर्यादा १९० आणि ‘व्ही’ची २४० आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम कोणता?

रिम वाढले तरी टायरसह चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहिला पाहिजे. म्हणजे रिम जितके मोठे, साइडवॉल तितकी बुटकी. व्यास काढायला साइडवॉलच्या उंचीची दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी.

२०१८ ते २०२४ या काळातील स्विफ्ट पाहा. खालच्या श्रेणीला १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ टायर होते. पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिमी, दुसऱ्याचा ६२१.५ मिमी. कंपनीने रिम एक इंचाने वाढवले, पण व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक पडू दिला नाही. याच हिशेबाने १६ इंची रिमसाठी १९५/५५ (६२१ मिमी) आणि १७ इंचीसाठी २०५/४५ (६१६ मिमी) हे आकार येतात. मूळ व्यासापेक्षा दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक नको, हा साधा ठोकताळा.

व्यास चुकला तर काय होते?

समजा, १८५/६५ आर १५ काढून कोणी २०५/६० आर १६ बसवले. व्यास ६५२ मिमी, म्हणजे सुमारे ५ टक्के जास्त. चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, पण गाडीचा हिशेब जुन्याच चाकाचा असतो. त्यामुळे काटा जुन्या चाकावर दाखवायचा त्यापेक्षा ५ टक्के कमी वेग दाखवतो. धामणगाव रेल्वेहून समृद्धी महामार्गावर चढलात, तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे. मूळ चाकावर काटा अचूक असेल, तर आता तो १२० वर असताना गाडी १२६ ने धावत असते. शिवाय पिकअप मंदावतो आणि पूर्ण वळण घेताना टायर चाकाच्या कमानीला घासू शकतो.

मग १७ इंच का नको?

व्यास जुळतो, पण साइडवॉल पाहा. १४ इंची चाकावर ती १३२ मिमी असते, १५ इंचीवर १२०, १६ इंचीवर १०७ आणि १७ इंचीवर फक्त ९२. खड्ड्याचा पहिला धक्का हीच भिंत दबून झेलते. ती बुटकी असेल तर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. रिमला तडा गेला तर तो खर्च वेगळा. वेल्डिंग करून घेतलेले अलॉय पुन्हा वापरणे धोक्याचे.

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा जास्त लागू होतो. नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्हा ओलांडतो. त्यावर बुटका टायर निभावेलही. पण महामार्ग सोडला की खाली कापसाची काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता उंचसखल होतो. वणीकडच्या रस्त्यांवर कोळशाच्या ट्रकांचा भार आहेच.

दुसरी अडचण वजनाची. १८५/६५ आर १५ चा भार निर्देशांक ८८ असतो, तर साध्या २०५/४५ आर १७ चा ८४, म्हणजे ५०० किलो. चार टायरांत मिळून २४० किलोची क्षमता कमी झाली. पाच माणसे आणि सामान घेऊन ४५ अंशांच्या उन्हात निघालेल्या गाडीला ही तूट परवडणारी नाही. १७ इंच घ्यायचेच असेल तर ‘एक्सएल’ प्रकारातला ८८ निर्देशांकाचा टायर शोधावा. त्याला हवा जास्त लागते. मोठे चाक वजनदार असेल तर गाडीची चपळाईही कमी होते.

रिम घेताना काय तपासावे?

नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्टसाठी तो ४×१०० आहे. मधले छिद्र हबच्या मापाचे (स्विफ्टला ५४.१ मिमी) हवे. छिद्र मोठे असेल तर त्यात मापाची रिंग बसवावी, नाही तर स्टिअरिंग थरथरते. रिमची रुंदी टायरला साजेशी असावी. २०५/४५ आर १७ साठी साडेसहा ते साडेसात इंच चालते.

ऑफसेट, म्हणजे ‘ईटी’, बहुतेक जण विसरतात. ५.५ इंच रुंद, ईटी ४५ चे रिम काढून ७ इंचांचे ईटी ३५ बसवले, तर चाकाची बाहेरची कड २९ मिमी बाहेर सरकते आणि आतली ९ मिमी आत. चाक कमानीबाहेर डोकावते आणि बेअरिंगवर ताण येतो.

पोर्शे ९११ कॅरेरा एसच्या (९९२ मालिका) पुढे २४५/३५, २० इंची आणि मागे ३०५/३०, २१ इंची टायर असतात. पण तिचे इंजिन मागे आहे, ताकद मागच्या चाकांना मिळते आणि सस्पेन्शन त्याच हिशेबाने बनवलेले असते. पुढच्या चाकांवर धावणाऱ्या हॅचबॅकला मागे रुंद टायर लावून काही हाती लागत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका कायम केली. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला कंपनीने दिलेला आकार हा सर्वांत सुरक्षित पर्याय. बदल केला तर विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

थोडक्यात निवड कशी करावी?

चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवरचा मूळ आकार लिहून घ्या. रिम एका इंचापेक्षा जास्त वाढवू नका. व्यास जुळवा, भार निर्देशांक आणि वेगश्रेणी मूळपेक्षा कमी घेऊ नका. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मागे माणसे बसवून चाक घासते का ते पाहा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. तापलेल्या टायरची हवा कमी करू नका. आणि झिजलेल्या टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी उरली असेल, तर नव्या रिमचे पैसे आधी नव्या टायरवर खर्च करा.