बॅटरी-तारा, मोटारगाडीतील
बॅटरीची अग्रे एंजिन सुरू करणाऱ्या आरंभक मोटरीला व गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या तांब्याच्या जाड तारा. कुर्ला (मुंबई) येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत बॅटरी १२ व्होल्टची असते. एंजिन सुरू होताना १५० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर जोडातील केवळ ०·०१ ओहम रोधामुळे १·५ व्होल्ट दाब वाया जातो. जोड तापतो, मोटर मंद फिरते आणि चांगली बॅटरीही निकामी समजून बदलली जाते.

अम्लाच्या संपर्काने अग्रांवर पांढरट-निळसर क्षार साचतात. ते खाण्याच्या सोड्याच्या विद्रावाने धुतात. विद्राव बॅटरीत जाऊ देत नाहीत. निरोधक आवरणाखालील तांबे क्षरण पावले असल्यास मात्र तार बदलावी लागते. नवी तार निदान मूळ तारेइतक्या काटछेदाची असावी.

ऋण अग्र सांगाड्यास जोडलेल्या गाडीत ऋण तार प्रथम सोडवितात व शेवटी जोडतात. अन्यथा धन अग्रावरील पाना सांगाड्यास टेकून मंडल संक्षेपित होते आणि ठिणगीने बॅटरीतील हायड्रोजन वायूचा स्फोट होऊ शकतो. पकडी घट्ट केल्यावर त्यांवर व्हॅसलीन लावतात.