तिथीवर चालणारं दुकान

शिरूर किंवा दौंडच्या फुलवाल्याला पुढच्या आठवड्याचं विचारा. तो वारांआधी तिथ्या सांगेल. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी, म्हणजे रांजणगावच्या महागणपतीला रांगा आणि जास्वंद-दूर्वांना उठाव. दौंडमार्गे सिद्धटेकला जाणारेही हार मागणार. पितृपंधरवड्यात मंगलकार्यं नाहीत, मागणी बसते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेवंती आणि वेण्या. आजचा माल उद्या शिळा, म्हणून किती घ्यायचा हा या धंद्यातला सगळ्यात अवघड निर्णय, आणि तो आदल्या रात्रीच करावा लागतो.

भाव ठरतो पुण्याच्या मार्केट यार्डात, पहाटे. यवत परिसरातल्या शेतकऱ्याकडून शेवंती थेट घेतली, तरी बोलणं पुण्याच्या भावावरच सुरू होतं. झेंडू, शेवंती, निशिगंध किलोवर. डच गुलाब वीसच्या गड्डीत, जरबेरा दहाच्या. पावसात भिजलेला झेंडू वजनाला भरतो, पण आत पाणी राहिल्याने काळा पडतो. जाणता दुकानदार तो आधी पंख्याखाली पसरतो. मोगरा कळीतच खुडलेला असतो आणि संध्याकाळी उमलतो, तोवर त्याला गारवा हवा. गुलाबाचा दांडा तिरका कापून बादलीत ठेवायचा. कार्नेशन मात्र केळ्यांपासून दूर! पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत मुडपतात. नारळ-केळी-फुलं एकाच फळीवर मांडणाऱ्या देवळाजवळच्या दुकानांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

खंडेनवमी-दसरा ही खरी परीक्षा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांची पूजा, दौंडला राज्य राखीव पोलीस दलात शस्त्रपूजन, शिवाय प्रत्येक दाराला तोरण आणि प्रत्येक गाडीला हार. दुकानात बसून एवढे हार होत नाहीत. फुलं आणि दोरा घरोघरी जातो, बायका रात्रभर ओवतात आणि मजुरी नगावर मिळते. दसऱ्याला हाराचा भाव ऐकून आपण घासाघीस करतो, तेव्हा या रात्रीच्या कामाची किंमत कुणी धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या झेंडूची सुरुवात मात्र शेतात दोनेक महिने आधी झालेली असते. रोप लावल्यावर साधारण तेवढ्या काळात तोडा भरात येतो, म्हणून शेतकरी दसऱ्यापासून उलटं मोजत लागवड धरतो. इथे अधिक मास गणित फिरवतो. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला गेला. इंग्रजी तारीख धरून लागवड केली, तर बहर आधीच ओसरतो. सगळ्यांनी एकाच बेताने लावलं तर दसऱ्याच्या संध्याकाळी भाव कोसळतो आणि न विकलेले ढीग रस्त्याकडेला पडतात. दोन्ही बाजूंनी मार शेतकऱ्यालाच. दुकानदाराकडे निदान लक्ष्मीपूजन उरतं, वीस दिवसांनी.

तुळशीच्या लग्नानंतर वरमाला, मुंडावळ्या, गाडीची सजावट यांच्या आगाऊ नोंदी सुरू होतात. २०२६ सालात १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत, आणि दसरा २० ऑक्टोबरला. अशा वर्षी लग्नांच्या नोंदी घेताना दुकानदारांना एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यासाठी ओवणारे हात आधीच बांधून ठेवावे लागतात.